बोंबलाचा राखणदार

आमच्या सगळ्या नातेवाइकांत पैशाचा जुगार कधी न खेळलेला माणूस शोधायला निघालात तर मी एकटाच सापडेन. माझ्या हातात कोण पैसे देतच नाय, म्हणून हे व्रत मला कधी जड गेलं नाय.

पगार बायकोच्या खात्यात जातो. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी अख्खा पगार एका माणसाला देऊन आलो होतो. शंभर दिवसांत डबल देतो म्हणाला. माणूस चांगला होता, चहा पाजला त्याने. तेवढा चहाच काय तो परत मिळाला. तेव्हापासून बायको म्हणते, "तुमी नुसती सही करत जा." सही मला येते. चौथीपर्यंत शाळेत गेलो त्यात तेवढंच एक काम पुरं झालं.

बाकी आमचे नातेवाईक म्हणजे एकेक खेळाडू. चुलत्याला स्वप्नात म्हैस दिसली तरी तो सकाळी उठून आकडा लावणार. मामेभाऊ मोबाईलवर क्रिकेटची टीम बनवतो, आणि घरात चार माणसं जेवायला बसली तर ताटं किती लागतील ते त्याला सांगता येत नाय. पण ह्या सगळ्यांनी ज्यांच्या पायावर डोकं ठेवावं ते आमचे भावोजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, तायचे मालक. सातपाटीला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. दर्यात वाघ. जमिनीवर पाय ठेवला की तीन पत्ती.

तायने पैसे कुठे कुठे लपवले नाय! तांदळाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे, उशीच्या शिवणीत, एकदा सुक्या जवळ्याच्या पिशवीत. पाण्याचा रंग बघून खाली मासा आहे का ते भावोजी सांगतात. घरात नोट कुठे आहे ते तायच्या तोंडाचा रंग बघून सांगायचे. मग त्यांना मोबाईलवरची रमी सापडली. आता तर घराबाहेर जायची पण गरज नाय, संडासात बसल्या बसल्या पगार संपायला लागला. शेवटी तायने मोबाईल काढून घेतला, बटनाचा साधा फोन हातात दिला, आणि नवऱ्याला बंदरावर नेऊन दर्यात नारळ सोडायला लावला. म्हणायला लावलं, "आजपासून पैसा लावनार नाय. लावला तर दर्या मला परत आननार नाय."

आमच्यात ही शपथ कोण मोडत नाय. भावोजींनी पण मोडली नाय, हे आधीच सांगून ठेवतो. शपथेत काय आहे आणि काय नाय, हे त्यांच्याइतकं बारकाईने वकिलाने पण वाचलं नसतं.

आता तायच्या जागेचं सांगतो, कारण सगळं रामायण त्या जागेवरून झालं.

ताय रोज सातपाटीवरून पालघर, पालघरवरून बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन येते. इतकी वर्षं बाजाराच्या कडेला गटाराच्या बाजूला बसायची. वर छप्पर नाय, समोरून रिक्षा चिखल उडवून जाणार. तिच्या पुढे, छपराखाली, एका म्हातारीची जागा होती. नाक्यावरून आत शिरलं की पहिली नजर पडते ती जागा. कॉलनीतली गिऱ्हाईकं तिथेच थांबतात. म्हातारीचे गुडघे गेले. एक सून नर्स झाली, दुसरी माशाच्या वासाने तोंड फिरवते. म्हणून म्हातारी तायला म्हणाली, "जागा मी तुला देते. पैसा नको. पन पावसाळाभर ती रिकामी नाय दिसली पायजे. नारळी पुनवेपर्यंत रोज टोपली आनि टोपलीमागे मानूस. एक दिवस जरी मोकळी दिसली तर दुसरी येऊन बसेल. मग मी पन काय करनार?"

ह्या जागेला कागद नसतो. जी बसते तिची जागा. म्हातारी चहाला उठायची तेव्हा तिथे एक काळा दगड ठेवून जायची, पूर्वी वजन म्हणून तागडीत टाकायची तो. तेवढ्यापुरता दगड चालतो. दिवसभर नाय चालत. आणि बाजूलाच डहाणूकडची एक बाई टपून होती. ती बसायचा पाट रोज चार बोटं इकडे सरकवायची. बोलायला गोड, पण पाट सरकवायची.

पावसाळ्यात दोन महिने होड्या वर ओढलेल्या. ताजी मच्छी आणणार कुठून? म्हणून तायने उन्हाळाभर बोंबील सुकवले. बांबूच्या मांडवावर एकेक टांगून, कावळे हाकलून, चार गोणी भरल्या. त्या चार गोणींवर जागा मिळणार की जाणार ते ठरणार होतं. गोणी घरात ठेवल्या तर भावोजी विकणार. मग ताय गोणी घेऊन सरावलीला माझ्या खोलीवर आली. माझी खोली बाजारापासून जवळ, वर माळा पण आहे.

मला भरून आलं. म्हटलं, "ताय, माझ्यावर एवढा भरवसा?"

"भरवसा नाय रे," ताय म्हणाली. "तुला इकायची अक्कल नाय म्हनून."

माझी पाळी सकाळची. कारखान्यात पिंपं धुवायची, तीनला सुटायचं. बायको पॅकिंगला जाते, ती सहाला येणार. म्हणजे तीन ते सहा बोंबलांचा राखणदार मी. आषाढ लागला आणि एका दुपारी भावोजी दारात उभे. तंबाखूची पुडी हातात, तोंड उतरलेलं.

"मेव्हन्या, करमत नाय रे. बंदरावर गेलो की होडी उपडी दिसते. पत्ते हायत काय?"

"भावोजी, शपथ?"

"शपथ पैशाची हाय. पत्त्यांची कुठं हाय? नुसतं बसायचं."

नुसतं बसलो. दहा मिनिटांत दोघांना जांभया. जिंकलं तरी हात रिकामा, हरलं तरी हात रिकामा. भावोजी म्हणाले, "मोजायला कायतरी पायजे. काड्या हायत?" आमच्याकडे गॅसला लायटर. मग त्यांनी वर बघितलं. जसं काय वर काय आहे ते माहीतच नव्हतं. सगळ्या चाळीला वासावरून माहीत होतं.

"चार-सहा काढ ना. मोजायला. जाताना परत ठेवू."

मी माळ्यावर चढलो. शिडी भावोजींनी धरली. हे नीट लक्षात ठेवा: शिडी ते धरायचे, पण चढायचो मी. नंतर सगळ्यांनी मला हेच विचारलं.

एक आठवडा आमचं फार सभ्य चाललं. लांब बोंबील म्हणजे दोन बारीक. मुंडकं तुटलेला असेल तर अर्धा. ह्या अर्ध्यावरून आम्ही दोघं असे भांडायचो की शेजारच्यांना वाटायचं जमिनीची वाटणी चाललीय. संध्याकाळी सगळे गोणीत परत. भाजून खाल्ले तेवढे सोडून. खेळलं की भूक लागते, त्याला कोण काय करणार?

आणि मी जिंकत होतो! आठवड्यात भावोजींच्या दोन गोणी माझ्या नावावर झाल्या. मी हिशेब लावला: बोंबील तायचे, हरणारा तायचा नवरा, जिंकणारा तायचा भाऊ. सगळं घरातल्या घरात. आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंत झालो होतो, ते पण बहिणीच्या मालावर, आणि बायकोला सांगायची चोरी. कारखान्यात मी सुपरवायझरकडे असा बघायचो की त्यानेच मला विचारलं, "क्या हुआ, लॉटरी लगा क्या?"

मग समोरच्या खोलीतला वेल्डर आला. ओडिशाचा. दारात उभा राहून डोळे मिटून वास घेत होता. म्हणाला, "भाई, हमारे गाँव में भी ऐसे ही सुखाते हैं. दो साल से नहीं खाया."

मी त्याला दोन बोंबील द्यायला उठलो. भावोजींनी माझा शर्ट धरला. "फुकट कशाला? बसव त्याला."

त्याने पैसे काढले. भावोजींनी कानाला हात लावले. "ना ना ना, पैसा नहीं. कसम है." मग वेल्डर खोलीत जाऊन तांदळाचा डबा घेऊन आला. एक वाटी तांदूळ, चार बोंबील. पुढे कांदे आले, तेलाची पिशवी आली. कोणी खिडकीतून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं इथे रेशन दुकान उघडलंय. चाळीतल्या दोन मांजरी रोज बरोबर तीनला येऊन बसायच्या. एवढी वेळेवर माझी बस कधी आली नाय.

भावोजी माझ्या कानात म्हणाले, "नवा हाय. सोलू त्याला."

तो माणूस रात्रपाळीत रात्रभर आगीच्या ठिणगीकडे बघतो. आमच्या तोंडाकडे बघताना त्याची पापणी कशाला हलेल? चार दिवसांत एक गोणी त्याच्या खोलीत गेली. मी म्हटलं, "भावोजी, थांबूया." ते म्हणाले, "आता थांबलो तर गेलेले गेलेच. बसलो तर परत येतील." मला पटलं. मला काय, शंभर दिवसांत डबल पण पटलं होतं. परत चढलो. त्यांनी शिडी धरली.

ताय दोन दिवसांआड येऊन पुढच्या गोणीतून टोपली भरून न्यायची. खेळायला आम्ही मागच्या गोणीतून काढायचो. जाताना ती विचारायची, "उघडीप पडली की बोंबलांना ऊन दाखवतोस ना रे?"

"दाखवतो ना ताय."

ऊन नाय, मी त्यांना ओडिशा दाखवत होतो.

एकदा ती दारात थांबून म्हणाली, "म्हातारी बोलली, गटारीला नाक्यापर्यंत गिऱ्हाईक लागतं. दुसऱ्या दिवसापासून श्रावन, मग निम्मी लोकं खात नाय. गटारीचा दिवस आनि पुढे पुनवेपर्यंतचे दिवस निघाले की जागा माझी. मग मी छपराखाली बसनार बघ." आणि हसली. ताय कधी हसत नाय. तेव्हा तरी मी बोलायला पायजे होतं. मी म्हटलं, "चहा घेनार?"

गटारीच्या दोन दिवस आधी मी माळ्यावर बघितलं. तीन गोण्या रिकाम्या, पुढच्या गोणीच्या तळाला चुरा. भावोजींना सातपाटीला अचानक जाळी विणायचं काम निघालं. वीस वर्षांत जाळं विणायची सुई हातात न धरलेला माणूस! मी एकटा उरलो, आणि एकटा उरलो की मी डोकं चालवतो. दोन गोणीत जुने पेपर कोंबले. वजन कमी वाटायला नको म्हणून प्रत्येकीत दोन-दोन विटा घातल्या. वरून चुरा पसरला. बघून मलाच मोह झाला.

गटारीला आमच्या कारखान्याला सुट्टी होती. सकाळी ताय आली. बायको अजून घरात होती. तायने गोणीचं तोंड धरलं, उचलायला गेली, आणि थांबली.

"बोंबील एवढा जड कधी झाला?"

सुका बोंबील म्हणजे वाळलेलं पान. त्याची भरलेली गोणी पण बाई एका हाताने काखेत मारते. सातपाटीत लहानाचा मोठा झालेल्या मला हे ऐन वेळी सुचलं नाय. सुचलं ते विटांचं.

तायने गोणी उपडी केली. पेपर पडले, मग विटा पडल्या. बायकोने विटा ओळखल्या. "ह्या आपल्या मोरीच्या हायत," ती म्हणाली. ती दोन दिवस त्या शोधत होती.

मी सगळं सांगितलं. मधे मधे भावोजींचं नाव घेत होतो, पण दरवेळी शिडीपाशी अडकत होतो.

ताय ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विटा एकेक उचलून मोरीपाशी नेऊन ठेवल्या. मग एवढंच म्हणाली, "छपराखाली बसायचं म्हनून पोरीला पन सांगितलं व्हतं मी."

उठली आणि वेल्डरचं दार वाजवलं. तो आंघोळ करून आलेला, टॉवेलवर. तायने विचारलं, "बोंबील किधर है?" त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दीदी का था?" मला म्हणाला, "पहले बोलना था ना भाई." काही त्याने खाल्ले होते, बाकी गावी जाणाऱ्या माणसाबरोबर घरी पाठवले होते. खिळ्यावर एक पिशवी होती, ती त्याने काढून दिली. बारा बोंबील. तायने दोन काढून त्याच्याच हातावर ठेवले. "खाव," म्हणाली. मग उरले दहा.

ते दहा टोपलीत टाकून तिने मला बाजारात नेलं आणि त्या जागेवर बसवलं.

"मी सातपाटीला जाते. शेजारनींच्या माळ्यावर काय असेल ते मागून आनते. तवर तू इथं बस. एक पन इकू नको. टोपली मोकळी झाली की जागा गेली. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"इकायचं नाय."

म्हातारी बाजूला भिंतीला टेकून काठी घेऊन बसली होती. तिने तायला विचारलं, "हा कोन?" ताय म्हणाली, "भाऊ." म्हातारी म्हणाली, "अरेरे."

आता बघा. गटारीचा दिवस, बोईसरचा बाजार, सगळ्या बायकांत मी एकटा बाप्या, समोर दहा बोंबील सूर्यासारखे गोल मांडलेले, आणि विकायची बंदी. पहिलंच गिऱ्हाईक आलं. "कसे दिले?"

"हजार."

"किलो?"

"एक."

तो शिव्या देऊन गेला. दुसरी म्हणाली, "सोन्याचे हायत काय?" तिसऱ्याला मी सांगितलं हे नमुन्याचे आहेत, माल मागून येतोय. आमच्या कारखान्यातले दोघं आले, माझा फोटो काढून गेले. डहाणूकडच्या बाईने पाट चार बोटं सरकवला. मी टोपली चार बोटं सरकवली. तिने परत सरकवला. ती गोड हसून म्हणाली, "भाऊ, तुमी कशाला तरास घेता? घरी जा, मी बघते टोपली." एवढ्या प्रेमाने माझ्याशी बऱ्याच दिवसांत कोण बोललं नव्हतं. मी उठायलाच लागलो होतो. म्हातारीने काठीने माझा गुडघा खाली दाबला.

दुपारी एक जण आला, तोंडाला आधीच गटारीचा वास. "कसे?" म्हटलं, "हजाराला एक." त्याने खिशात हात घातला. "दोन दे."

दोन हजार! मी बोंबील उचलले सुद्धा. तायने शपथ घ्यायला लावली असती तर मी घेतली असती, पण नोटा दिसल्या की समजलेलं डोक्यात राहत नाय माझ्या. मनगटावर काठी बसली.

"नमुन्याचा हाय तो," म्हातारी त्या माणसाला म्हणाली. "आनि हा पन नमुनाच हाय. जा तू पुढं."

अडीच वाजता ताय आली. मागे भावोजी, डोक्यावर गोणी, हातात दोन पिशव्या. तायने त्यांना आळीत दारोदार फिरवलं होतं. ती नुसती मागे उभी राहायची. प्रत्येक दारात बोलायचं भावोजींनीच: "मी बायकोचे बोंबील जुगारात हरलो, जागेपुरते असतील तर द्या." सात घरी बोलले म्हणे. तिसऱ्या घरापासून आवाजच फुटेना, तर आतून एक म्हातारा ओरडला, "मोठ्याने बोल, ऐकू येत नाय." कोणी बोंबील दिले, कोणी जवळा, कोणी वाकट्या. होड्या सुटल्या की सगळ्यांची मच्छी ताय फुकट सुकवून देणार, असं ठरलं.

तायने माझ्या दहा बोंबलांवर तो सगळा माल ओतला. टोपली भरली तशी समोर गिऱ्हाईकं जमली. ह्याच गिऱ्हाइकांना मी सकाळपासून हाकलत होतो. डहाणूकडच्या बाईने पाट गुपचूप मागे घेतला. भावोजी रिकामी गोणी घडी करून करून रुमालाएवढी करत होते. पुनवेपर्यंत पुरेल एवढा माल होता. जागा राहिली होती.

मला वाटलं आता कोणतरी काहीतरी बोलेल. ताय जवळा मापत होती. मग मीच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ताय, एक बोंबील इकला नाय. तिचा पाट पन पुढं येऊ दिला नाय. जागा शेवटी मीच राखली ना?"

ताय पुढच्या गिऱ्हाइकाची पिशवी भरत राहिली. म्हातारीने काठी टेकली, कोपऱ्यातला काळा दगड जरा पुढे ओढला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्सं मी हा दगड इथं ठेवून उठायची. त्यानं कधी माझा बोंबील खेळला नाय. चल ऊठ, तिला बसू दे."